रुखवतातला मास्क

मी फवारणीचा मास्क बोलतोय. रबराचं तोंड, दोन्ही गालांवर कोळसा भरलेल्या दोन डब्या. विषारी वाफ कोळशात अडवून धरायची, एवढंच माझं काम.

नांदूरघाटच्या संगीताच्या रुखवतात मला मांडलं होतं. एका बाजूला करंज्यांचं ताट, दुसऱ्या बाजूला लोकरीचा पोपट, मध्ये मी.

"अगं बया, हे डुकराचं तोंड कावून ठिवलं?" वराकडची एक बाई म्हणाली. सगळ्या हसल्या. संगीता हसली नाही. तिच्या भावाला फवारताना विषबाधा झालेली, म्हणून तिनं मला हट्टानं मागून घेतलेलं. रुखवतात मी उठून दिसावं म्हणून माझ्या डब्यांची बंद पाकिटं त्याच दिवशी फोडली; कोळसा तेव्हापासून उघडाच.

सासरी, चकलांब्याला, सासूबाईंनी मला औषधांच्या लोखंडी कपाटात ठेवलं. मुक्ताबाई मोठ्या टापटिपीच्या. "फवारणीचं समदं एका जागी बरं." बाटल्यांची बुचं मात्र कधी घट्ट नसायची. तीन महिने मी तिथं बसून वास पीत राहिलो. कोळशाला नको म्हणता येत नाही.

मग कपाशीवर फवारणी सुरू झाली. संगीता रोज सकाळी माझे पट्टे नवऱ्याच्या, शिवशंकरच्या डोक्यामागं स्वतः ओढून बसवायची.

"ह्याच्यातूनच वास येतोय की गं."

"नवा हाय म्हणून येत आसंल. काढू नका हं, माझी शपथ हाय."

नवी नवरी शपथ घालते आणि नवा नवरा ती पाळतो. शपथ जुनी झाली की कुणी विचारत नाही. तिची अजून नवीच होती.

उन्हात मी तापायचो. पोटातलं विष सुटायचं आणि त्याच्या श्वासाबरोबर आत जायचं. बाहेरचं अडवायला तर माझ्यात जागाच उरली नव्हती. त्याचं डोकं ठणकायचं, तो बांधावर ओकायचा. दुसऱ्या दिवशी संगीता पट्टा आणखी आवळायची.

एका दुपारी तो सरीतच कोसळला.

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला हातात घेऊन नाकाजवळ नेलं, आणि झटकन दूर धरलं. "हा ठेवता कुठं?"

"औषधाच्या कपाटात. फवारणीचाच हाय की तो," मुक्ताबाई म्हणाल्या.

"अहो आजी, सगळं औषध ह्यानं पिऊन ठेवलं, आणि तेच तुमच्या पोराला पाजलं."

संगीतानं माझ्याकडं पाहिलं नाही. स्वतःच्या बोटांकडं पाहत राहिली.

शिवशंकर वाचला. पण विहिरीपर्यंत जाताना आता दोनदा बसतो.

तुमच्या घरी माझं एखादं भावंड असेल तर त्याला औषधाशेजारी ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळं ठेवा. त्यालाच वास येऊ लागला तर त्याच्या डब्या टाकून द्या, माया करू नका.

मी सध्या ज्वारीच्या रानात आहे, बुजगावण्याच्या तोंडावर. अंगात शिवशंकरचाच जुना सदरा. हा मालक श्वास घेत नाही, तेवढीच माझी सुटका.

संगीतानंच मला इथं बांधलं. सवयीनं तिनं पट्टा ओढला. मग हात थांबला. इकडंतिकडं पाहून तिनं तो हळूच सैल केला.