ताडपत्रीशिवाय कापूस

खोटी मालगाडी माझ्याच्याने बघवत नाही. खेळण्यातली असेल तर गोष्ट वेगळी. पोरांनी ती पलंगाखालून ओढावी, तिच्यात शेंगदाणे भरावेत, माझी काही हरकत नाही. पण एखादा माणूस छाती फुगवून म्हणाला की ही साठ सालच्या आसपासची कोळशाची गाडी आहे, आणि तिच्यात त्याने माशांच्या टाकीतली काळी खडी ओतलेली असली, तर माझं डोकं फिरतं. खऱ्या मापात बघायला गेलं तर त्यातला एकेक खडा तिजोरीएवढा होतो. कोणता हमाल उचलणार तो?

मी दीपक मयेकर, निवृत्त ड्राफ्ट्समन. जन्मभर दुसऱ्यांच्या यंत्रांची ड्रॉइंग काढली, आता स्वतःच्या मालगाड्या करतो. लालबागची आमची चाळ पडून तिथे टॉवर झाला, तेव्हा नव्या हॉलच्या एका भिंतीला मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फळी ठोकून घेतली. तिच्यावर कॉटन ग्रीनचा मालधक्का आहे. रूळ आहेत, कापसाच्या वखारी आहेत, आणि खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान अशा वाघिणी आहेत. मालगाडीच्या डब्याला जुने लोक वाघीण म्हणत, मीही तेच म्हणतो. सीमा, माझी बायको, त्या फळीखाली बसून टीव्ही बघते आणि फळीकडे ढुंकूनही बघत नाही. धूळ मात्र तीच झटकते, श्वास रोखून.

लोकांना वाटतं, वाघीण करणं कठीण. ते सोपं आहे हो. ड्रॉइंग मिळतं, माप मिळतं, हात स्थिर असला की झालं. खरा कस लागतो तो आत माल भरताना. माल काही कोणी ड्रॉइंग काढून भरत नसे. तो घामाघूम माणसांनी भरलेला असतो, कुठे कललेला, कुठे दाबून बसवलेला, आणि तसाच तो दिसायला हवा.

तर, आमची एकुलती एक अनुजा. तिने गेल्या पावसाळ्यात आम्हाला सांगितलं की तिला हर्षवर्धनशी लग्न करायचंय. लोअर परळच्या ज्या ऑफिसात ती काम करते तिथेच तो इमारतींचे आराखडे काढतो, राहतो नायगावला, बीडीडी चाळीत, आईबरोबर. वडील नाहीत. ते बौद्ध, आम्ही मालवणकडचे भंडारी. गावाहून माझ्या मोठ्या भावाने फोनवर बरंच काही ऐकवलं. मी त्याला म्हटलं, तुझ्या पोरीचं लग्न असेल तेव्हा बोल, आणि फोन ठेवून दिला. सीमाने त्या दिवशी शिरा केला होता. म्हणजे आमच्या दोघांचीही ना नव्हती. मुलगा एकदा घरी येऊन आम्हाला भेटायचा तेवढा राहिला होता.

ज्या रविवारी तो येणार होता, त्या दिवशी दुपारपासून सीमा माझ्या मागे लागली.

"अहो, आज जरा गप रवा."

"मी काय केलं?"

"काय केलं? गेल्या दिवाळीत माझ्या भावाने एवढ्या हौसेने आगगाडीचं घड्याळ आणलं, तर तुम्ही त्याला चाकांचे आरे मोजायला लावलेत. आजचं तसं नाय. त्याची आई आधीच धास्तावली असेल. तुम्ही काहीतरी टोचून बोलणार, आणि तो पोर भलताच अर्थ घेऊन जाणार. त्याने काही आणलं, काही दाखवलं, तर छान म्हणायचं. बस."

तिचं म्हणणं मला पटलं. आपल्या बोलण्याने त्या मुलाला कमीपणा वाटला तर ते पाप माझ्या डोक्यावर, असं मला खरंच वाटलं. मी तोंडाला कुलूप लावायचं ठरवलं.

हर्षवर्धन आला तो बगलेत बुटांचा खोका घेऊन. उंच, सावळा, इस्त्रीचा शर्ट. सोफ्याच्या अगदी कडेला टेकला. सीमाने घावनं आणि चहा दिला. कांदेपोहे मुद्दाम टाळले होते, कारण तसला कार्यक्रम नको अशी अनुजाची ताकीद होती. त्याने एक घावन कसंबसं संपवलं आणि खोका उघडला.

"काका, मी पहिल्यांदाच केलंय. अनुजा म्हणाली तुम्ही कॉटन ग्रीन करताय, म्हणून..."

आत एक वाघीण होती. वरून उघडी, चार चाकांची, कापसाच्या गाठींनी भरलेली.

पहिल्या क्षणाला मला जो आनंद झाला तो कसा सांगू? पोराने ती पुठ्ठा आणि प्लास्टिकचे पत्रे कापून स्वतः केली होती. सांध्यांवरचा एकेक रिव्हेट मागून सुईने टोचून उठवला होता. असलं काम करायला माणसाला वेड लागावं लागतं, आणि ते वेड मला ओळखीचं होतं.

आणि दुसऱ्या क्षणापासून मला चुका दिसायला लागल्या. देवा रे, काय एकेक चुका! गाठींना गोणपाट म्हणून बँडेजचं कापड गुंडाळलं होतं. वरून आवळलेल्या पट्ट्या चांदीसारख्या चकाकत होत्या. गंज दिला होता तो सगळीकडे सारखा, लग्नात हळद लावावी तसा. एका बाजूचं दार सुटून लोंबत होतं. आणि सगळ्यात कहर म्हणजे वर ताडपत्री नव्हती. वाफेच्या इंजिनामागे उघडा कापूस! माझी जीभ वळवळायला लागली. मी सीमाकडे पाहिलं. तिने डोळे वटारले.

"वा," मी म्हणालो. "छान आहे हो."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काही सुधारायला हवं का, काका?"

"छे, छे! उत्तम आहे. तुम्ही फार मेहनत घेतलीत."

"म्हणजे... तुमच्या मालधक्क्यावर चालेल?"

आता आली का पंचाईत! ती वाघीण तशीच फळीवर ठेवायची म्हणजे माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, "तिथे धूळ बसते हो. एवढी सुंदर वस्तू, नीट जपून ठेवू," आणि ती काचेच्या कपाटात ठेवली, सीमाच्या मैत्रिणींनी आणलेल्या ताजमहालाच्या आणि बाहुल्यांच्या शेजारी. हर्षवर्धनने एकदा फळीकडे पाहिलं, एकदा कपाटाकडे. मग त्याने चहा संपवला, माझ्या आणि सीमाच्या पाया पडला आणि म्हणाला, "निघतो. आई वाट बघत असेल."

"पुन्हा या हं, नक्की या," मी म्हणालो.

अनुजा त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेली. मी सदरा काढून सोफ्यावर पसरलो. स्वतःची पाठ थोपटायला हात पुरत नव्हता, एवढंच. सीमाही खूश होती. म्हणाली, "बघा, जमतं की नाही माणसासारखं वागायला?"

तेवढ्यात अनुजा परत आली. दार लावलं आणि दारालाच टेकून उभी राहिली. तिचे डोळे भरलेले होते.

"बाबा, तुम्हाला तो नको होता तर सरळ सांगायचं."

मी उडालोच. "कोण म्हणतं नको? मी एवढं कौतुक केलं!"

"तेच ना! तुम्ही छान कोणाला म्हणता, मला माहीत नाही का? सोसायटीच्या सेक्रेटरीला म्हणता. मामीच्या साड्यांना म्हणता. अभयकाका दर रविवारी दादरहून आपल्या गाड्या घेऊन येतात, त्यांना कधी म्हणालात? त्यांच्या गाडीचं चाक न् चाक सोलता तुम्ही, मग ते तुमचं सोलतात, आणि मग दोघं मिळून पोटभर जेवता. ज्याच्या कामात तुम्ही चूक काढत नाही, तो तुमच्या खिजगणतीतच नसतो. हर्षला मी हेच सांगून आणलं होतं. म्हटलं, बाबा फाडून खातील, घाबरू नकोस. फाडलं म्हणजे समज, आपला मानलं." तिने नाक पुसलं. "आणि तुम्ही त्याला अहो-जाहो केलंत. ताजमहालाशेजारी ठेवलंत. त्याला लहानपणापासून सगळे असंच वागवतात बाबा. तोंडावर गोड बोलायचं आणि आत घ्यायचं नाही. लिफ्टपाशी म्हणाला, तुझे बाबा फार सभ्य आहेत."

सीमा खुर्चीवर बसली. "मीच मेलीने सांगितलं गप रवा म्हणून," ती म्हणाली.

मी कपाट उघडलं, वाघीण दोन्ही हातांत घेतली आणि होतो तसा, लेंगा-बनियनवर, खाली धावलो. तो बसस्टॉपकडे गेला असणार. मसाल्याच्या दुकानांसमोरून जाताना मिरचीने नाक चुरचुरलं, पण हातात वाघीण होती, म्हणून शिंक गिळली. लोक वाट सोडून बाजूला होत होते.

हर्षवर्धन स्टॉपवरच्या बाकावर खाली मान घालून बसला होता.

"अरे ए!" मी ओरडलो. "ही काय वाघीण आहे?"

तो दचकून उभा राहिला. मी धापा टाकत बाकावर बसलो आणि त्यालाही शर्टाला धरून खाली बसवलं.

"हे बँडेज! अरे, याच्या भोकातून हमालाची मूठ जाईल आत. गोणपाट असं असतं? जुन्या धोतराचा तुकडा घे, चहाच्या पाण्यात बुडव. आणि या पट्ट्या. लोखंडाच्या असतात त्या, सोनाराने घडवलेल्या नाहीत. गंज हा असा फासतात? माल जिथे घासतो, पाणी जिथे साचतं, तिथे गंज. आणि ही चाकांवरची स्प्रिंग बघ. एवढ्या गाठी भरल्यावर वाघीण खाली बसते, स्प्रिंग चपटी होते. तुझी उभी आहे ताठ. आत कापूस भरलाय की हवा?"

तो ऐकत होता. ओठ घट्ट मिटलेले, पण मान वर आली होती.

"आणि ताडपत्री कुठेय? वाफेच्या इंजिनाची ठिणगी पडली की कॉटन ग्रीनला पोचायच्या आत राख. उघडा कापूस कोण नेतं रे?"

"नेत नाहीयेत," हर्षवर्धन म्हणाला.

"काय?"

"कापूस पोचलाय, काका. ती गाडी मालधक्क्यावर उभी आहे. ताडपत्री काढलीय, आता माल उतरवणार. म्हणून तर या बाजूचं दार खाली सोडलंय."

मी दाराकडे पाहिलं. "मला वाटलं, डिंक सुटला."

"डिंक नाही सुटला," तो जरा चढ्या आवाजातच म्हणाला. "बिजागरी केलीय तिथे."

बिजागरी होती. केसाएवढ्या तारेची. माझ्या नजरेतून सुटली होती. पण मी असा हार जाणारा नव्हे. "बरं, काढली ताडपत्री. मग काढलेली ताडपत्री गेली कुठे? हवेत विरली? वाघिणीशेजारी घडी करून टाकलेली दिसायला नको?"

त्याने शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि माझ्या तळहातावर उलटी केली. ताडपत्री पडली. काळपट हिरवी, घाईघाईत केल्यासारखी वाकडीतिकडी घडी, एक कोपरा बाहेर आलेला. कडेला दोरी ओवायची भोकं होती आणि एका भोकात दोरीचा तुकडा अजून लोंबत होता, गाठ सोडायचा कंटाळा करून कोणीतरी कापल्यासारखा. अगदी अशीच टाकतात हो ती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"येताना टॅक्सीत सुटली ती," तो म्हणाला. "म्हटलं, वर गेल्यावर लावू."

"मग दाखवली का नाहीस?"

"तुम्ही छान म्हणालात ना. मग काय दाखवणार?" त्याने पुडीचा रिकामा कागद दुमडला. "आई म्हणाली होती, लोक फार गोड बोलायला लागले की चहा प्यायचा आणि उठायचं. वाद नाही घालायचा."

मला त्या फुटपाथवर इतकी लाज वाटली की काय सांगू. बस आली, दोन माणसं चढली, बस गेली. हर्षवर्धन हलला नाही.

"माझं चुकलं, पोरा," मी म्हणालो. "तू आम्हाला हवा आहेस. हे बँडेज नको आहे. बँडेज काढून टाक, बाकी आपण दोघं बसून करू. चल वर. अनुजा रडतेय."

तो हसला. मग त्याने खिशातून मोबाइल काढला. "एक मिनिट, काका. आईला खालूनच फोन केला होता, जमलं नाही म्हणून." त्याने नंबर लावला आणि माझ्याकडे पाठ करून बोलायला लागला, पण मला सगळं ऐकू येत होतं.

"आई... नाही गं, गोड नाही बोलले. चुका काढल्या. खूप. बसस्टॉपपर्यंत मागे धावत आले चुका काढायला... हो, बनियनवर... थांब, देतो."

त्याने फोन माझ्या हातात दिला.

"भाऊ," पलीकडून एक थकलेला, सावध आवाज आला, "पोराने डोळे फोडून केलीय हो ती. सगळंच चुकलंय का?"

"नाही ताई," मी म्हणालो, "रिव्हेट असे केलेत की मला इतक्या वर्षांत जमले नाहीत. पण बाकी बरंच चुकलंय. त्याला दर रविवारी पाठवा. आणि पुढच्या रविवारी तुम्हीही या, जेवायलाच या."

मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे मी आता चाळीत सांगू ना, भाऊ?"

"सांगा," मी म्हणालो.