दगडाची बाजू

“ताई, काही झालं तरी दोन्ही बाजू सारख्या ठेव. हरणारा एकदा का उठला, की त्याच्यामागे सगळेच उठतात.”

स्ट्रेचरवरून आत जाता जाता धाकट्या भावाने एवढंच सांगितलं होतं. ऑपरेशन डोळ्यांचं, आणि जीव अडकलेला गेमच्या सर्व्हरमध्ये! तरीही ताईने शब्द दिला होता : पट्टी निघेपर्यंत तुझा संध्याकाळचा डाव मोडू देणार नाही.

आता त्याच्याच खुर्चीत बसून ती पडद्याकडे पाहत होती. माणसं जमली, की ‘समान वाटणी’चं बटण दाबायचं; मग यंत्र जुन्या गुणांवरून लाल आणि निळी बाजू पाडी. तिने एकदाही चूक केली नव्हती. दोन्हीकडची बेरीज सारखी येत होती. आणि तरीही माणसं गळत होती. ताईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. बेरीज तीच होती.

‘इंजिन’ आणि ‘डबा’ हे दोघे सर्वांत पटाईत. यंत्र त्यांना रोज वेगळं करी, आणि दोघेही अर्ध्यातच निघून जात. काल तिने हाताने त्यांना एकत्र बसवलं, तर समोरची बाजू वैतागून रिकामी झाली. धरावं तरी पंचाईत, सोडावं तरी पंचाईत.

शेवटी तिने एका बोटाने अक्षरं शोधत डब्याला विचारलं, “तुम्ही रागावलात का?”

“नाही हो. इंजिन म्हणजे माझे बाबा. ते दूर असतात. एका बाजूला असलो तरच एकमेकांचा आवाज ऐकू येतो.”

“मग फोन करावा की!”

“फोनवर आम्हाला दोघांनाही काही सुचत नाही. इथे नुसतं ‘डावीकडे बघ गं’ म्हणाले तरी पुरतं.”

ताईने पुन्हा एकेक अक्षर शोधलं.

“पण तुम्ही एकत्र आलात, की बाकीचे उठून जातात.”

“पूर्वी नाही जायचे. तेव्हा आमच्या बाजूला दगड असायचा ना!”

“दगड?”

“सगळ्यांत वाईट खेळणारा. हमखास दरीत पडायचा. त्याच्यापायी आम्ही कितीदा हरलो! बाबा हसून हसून बेजार व्हायचे.”

ते नाव ताईने पाहिलं होतं. चहा ठेवायला आली, की पडद्यावर सगळ्यांत खाली, धाकट्याच्या गुणांशेजारी. एकदा तिने टोमणाही मारला होता, “इतकी वर्षं खेळतोस, साधी उडी जमत नाही होय रे?” आणि तो कप उचलत म्हणाला होता, “नाही जमत गं.”

“आज तुम्ही दोघं एकाच बाजूला,” तिने लिहिलं. “नक्की.”

मग तिने दवाखान्यात फोन लावला. नर्सने तो धाकट्याच्या कानाशी धरला.

“काय रे, तुला खरंच उडी जमत नाही?”

पलीकडून बारीकसं हसू ऐकू आलं.

“किती जण आलेत आज?” त्याने विचारलं.

“थांब, बघते. आणि पट्टी ओढू नकोस.”

फोन ठेवून तिने बटणाला हात न लावता इंजिन आणि डबा लाल बाजूला बसवले. निळ्या बाजूने लगेच कुरकुर सुरू केली. लाल बाजूला एक जागा अजून रिकामी होती. ताईने पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली आणि नावाच्या चौकटीत सावकाश लिहिलं : दगडाची ताई.

डाव सुरू झाला. पुढे जायचं बटण कुठलं, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने एक दाबून पाहिलं. तिचा गडी गिरकी घेऊन थेट दरीच्या दिशेने चालू लागला.

हेडफोनमधून एक वयस्कर आवाज आला, “अगं डब्या, डावीकडे बघ, डावीकडे! कोण आलंय बघ!”

बापलेक दोघंही हसत होती. ताईने बटण सोडलं नाही.