मला चौकात परत टांगा

मित्रांनो, मी एक जुना कार्बनमापक आहे आणि सध्या माझे डोके फिरलेले आहे. पेटीला कसले आलेय डोके, असे म्हणून हसू नका. मी आज बागेत उभा आहे. शेजारी कारंजे आहे, पायाशी हिरवळ आहे. जागा झकास आहे आणि तेच माझे दुखणे आहे.

माझा जन्म प्रयोगशाळेत झाला. नळीतून हवा आत ओढायची आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड किती आहे ते सांगायचे, एवढेच माझे काम. पेटी बंद करण्याआधी यंत्रे तपासणाऱ्या ताईंनी मला मापाची हवा पाजली. तिच्यात तो वायू किती आहे ते त्यांना आधीच ठाऊक होते. मी नेमका तेवढाच आकडा दाखवला. "शाब्बास!" ताई म्हणाल्या. "आता कोणी कितीही डोळे वटारले, तरी खोटं बोलायचं नाही." मी शब्द पाळला. म्हणून तर माझी ही गत झाली.

मला एका चौकातल्या खांबावर चढवले. डोक्यावर लाल आकड्यांची पाटी होती, समोर शाळा, खाली चष्मेवाल्या काकांचे दुकान. वळसा वाचवायला मालाचे ट्रक याच चौकात घुसत आणि इंजिने चालू ठेवून शाळेच्या फाटकाशी खोळंबत. काकांची धाकटी त्याच शाळेत शिकते. तिला दमा आहे. काजळी मोजणे माझे काम नाही, पण ज्या धुरातून माझा वायू येतो, त्याच धुरातून तिच्या छातीत काजळी जाते.

सुरुवातीला माझे केवढे कौतुक झाले! महापालिकेच्या साहेबांनी भर चौकात सांगितले, "वर्षभर आकडा असाच चढा राहिला, तर ट्रक इथून बंद. ते बाहेरच्या रस्त्याने जातील." काकांनी लेकीला उचलून घेतले आणि मला दाखवले. "हा बघ आपला साक्षीदार." मी ते कधीच विसरलो नाही.

वर्ष सरले. आकडा चढाच होता. आता ट्रक बंद होणार म्हणून मी वाट पाहत राहिलो. ट्रक राहिले बाजूला, माझ्यावरच बालंट आले. म्हणे, हा म्हातारा झालाय, काहीबाही दाखवतो. ताई शिडी लावून वर आल्या, त्यांनी मला पुन्हा मापाची हवा दिली. माझ्यात रतीभरही चूक निघाली नाही.

"एकदम बरोबर आहे, साहेब," ताईंनी खाली येऊन सांगितले.

"मग उत्तमच की," साहेब म्हणाले. "इथे बरोबर दाखवतो, तर बागेतही बरोबरच दाखवेल. तिकडे हलवा."

असे म्हणायला जीभ कशी रेटते हो? ताईंनी कडाडून विरोध केला, पण त्यांचे कोण ऐकतो! मला उपटून इथे आणले आणि फोटो नीट यावा म्हणून माणसाच्या उंचीवर बसवले. मग समारंभ झाला. साहेब माझ्या नळीला खेटून उभे राहिले आणि भाषण ठोकू लागले. "आपल्या शहराचा कार्बन घटला आहे!" ते बोलत होते, त्यांचा श्वास माझ्या नळीत शिरत होता आणि माझा आकडा चढत होता. बघता बघता तो चौकातल्या आकड्याच्याही वर गेला. लोक खुसखुसू लागले.

"यंत्र बिघडलंय!" साहेब ओरडले.

"बिघडलं नाही. तुम्ही त्याच्या तोंडावर बोलताय," ताई म्हणाल्या. "जरा मागे व्हा."

साहेब मागे सरले, आकडा उतरला आणि पुढच्या खुर्च्यांवरच्या मंडळींनी चक्क टाळ्या वाजवल्या! माझा नुसता तिळपापड झाला.

तेवढ्यात मागून चष्मेवाले काका उठले. "साहेब, माझ्याकडे आलेल्या माणसाला लांबची अक्षरं दिसत नाहीत. मी काय अक्षरांचा तक्ता त्याच्या नाकासमोर धरतो आणि सांगतो, जा बाबा, तुझे डोळे सुधारले?" चहा आला आणि सगळे तिकडे वळले.

ट्रक अजून शाळेसमोरच उभे राहतात. संध्याकाळी काका लेकीला मोकळ्या हवेसाठी बागेत आणतात. ती धावत माझ्यापाशी येते आणि टाचा उंचावून नळीत फुंकर घालते. आकडा चढतो. "बाबा, वाढला! आता ट्रक बंद करतील?" ती विचारते. काका तोंड फिरवतात. आकडा उतरू लागतो, तशी ती पुन्हा फुंकर घालते आणि मग खोकत खाली बसते.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, हार घालू नका. माझी निगा राखायची असेल, तर मला माझ्या चौकात परत टांगा. माझा आकडा वाढवण्यासाठी या पोरीने आपला श्वास खर्च करायचा, हे मला सहन होत नाही.