मोजा घातलेला सोटा

मी सोटा बोलतोय. काठी म्हणू नका. काठी वेगळी, सोटा वेगळा. मी भरीव बांबूचा आहे, आणि सध्या मला भीती वाटते.

माझा जन्म कोकणातला. बांबूच्या बेटातून मला तोडलं, जाळावर शेकून सरळ केलं, तेल पाजलं. मग मी मुंबईत, गेटवेच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या एका प्रवासी लाँचवर चढलो. लाँच धक्क्याला लागताना आणि सुटताना मला दगडाला टेकवून रेटा द्यायचे. रेटा देणारे खलाशी म्हणजे भाऊसाहेब, माझे मालक. शिक्षण चौथीपर्यंत. पण पाण्याचं गणित तोंडपाठ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. घड्याळ चुकेल, हे चुकत नाही.

एका पौर्णिमेच्या संध्याकाळी पाणी तळाला गेलेलं. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या, हिरव्यागार शेवाळाने मढलेल्या. एक उतारू घसरला. लाँच आणि दगड यांच्या मधल्या फटीत गेला. मालकांनी मला पुढे केलं. त्याने मला धरलं. मी ओला होतो. त्याची बोटं माझ्यावरून एक एक करत सुटली.

मालकांनी हे घरी कधीच सांगितलं नाही. मीही आज पहिल्यांदा बोलतोय.

नोकरी संपली तेव्हा मालकांनी मला कमरेइतकं कापलं, वर मूठ बसवली, खाली रबराचा बूट घातला. मुलगा जयदीप दिल्लीत सरकारी नोकरीत. आम्ही दोघं लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आलो. तिथे समुद्र नाही. मला वाटलं, सुटलो.

सहा वर्षांत रबर झिजलं. आतली लोखंडी चकती फरशीवर वाजायला लागली. सूनबाई कादंबरी म्हणाल्या, "बाबा, खालचे लोक कम्प्लेंट करतात." त्यांनी जयदीपचा जुना मोजा मला घातला आणि दोऱ्याने बांधला. आवाज बंद झाला. सगळे खूश. मोज्याच्या आत काय उरलंय, ते कोणी पाहिलं नाही.

गेल्या महिन्यात भाजीवाल्याच्या ओल्या पायरीवर मी सरकलो. मालक पडले. ढोपर फुटलं. घरी सांगितलं, "खाटेला लागलं." नवीन रबर आणायचं नाव काढलं नाही. आणायचं तर पडल्याचं सांगावं लागलं असतं. माणसाला हाडापेक्षा अभिमान मोठा. माझंही तसंच आहे म्हणा.

मग नोव्हेंबर आला. बाहेर धूर, खिडक्या बंद. नात संपदा दहा वर्षांची, रात्रंदिवस खोकते. एका रविवारी जयदीप मोबाइल घेऊन बसला.

"ठरलं. तीन दिवस मुंबई, मावशीकडे. गुरुनानक जयंतीची सुट्टी आहे, तो पूर्ण दिवस समुद्रावर. आधी गेटवे, मग लाँचने घारापुरी."

"टोप्या, उलटीची गोळी, इन्हेलर," कादंबरी यादी करू लागल्या. "परत कधी?"

"शेवटची लाँच घेऊ. साडेपाचला गेटवेला उतरू. सनसेट पण मिळेल."

माझ्या मुठीवरचा मालकांचा हात घट्ट झाला.

"त्या दिवशी पौर्णिमा आहे," ते म्हणाले.

"हो बाबा. गुरुनानक जयंती पौर्णिमेलाच असते. म्हणून तर सुट्टी."

"पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तेव्हा भरती. साडेपाचला पाणी तळाला. पायऱ्या उघड्या."

"अरे यार बाबा, आता तुमचा जमाना राहिला नाही. सगळं ॲपवर बघितलंय मी."

"ॲपला शेवाळ दिसतं का?"

सगळे हसले. मालकांना विनोद करायचा नव्हता. दिल्लीच्या लोकांना हवेच्या प्रदूषणाचा आकडा रोज पाठ असतो. समुद्र दिवसातून दोनदा खाली जातो, हे त्यांच्या यादीत कुठे बसणार?

त्यानंतर मला दाराआड चैन पडेना. मोजा. ओला दगड. शेवाळ. मी टेकणार, आणि सरकणार. दुसरं काही घडूच शकत नव्हतं.

निघणं चार दिवसांवर आलं तेव्हा संपदा मालकांजवळ आली. "आजोबा, लाँचमधून उतरताना मी तुमचाच हात धरणार. पप्पा म्हणाले, तुम्ही एक्सपर्ट आहात."

मालकांच्या तळव्याला घाम फुटला. मला तो लागला. इतक्या वर्षांत वादळातही फुटला नव्हता.

एका हातात मी. दुसऱ्या हातात पोर. मी सरकलो तर दोघं जाणार.

मालक उठले. मला उलटं केलं आणि संपदापुढे धरलं. "हा मोजा काढ."

तिने दोरा सोडला. रबराची नुसती कड उरली होती. मधे गंजलेली चकती. चाळीस वर्षांच्या जन्मात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"जयदीप, इकडे ये," मालक म्हणाले. "गेल्या महिन्यात मी पडलो. खाटेला लागलं नव्हतं. आणि त्या पायऱ्यांवर माझ्या डोळ्यांदेखत माणूस गेलाय. मला भीती वाटते."

कोणी हसलं नाही. जयदीपने मला हातात घेतलं, चकतीवरून अंगठा फिरवला.

"बाबा, आधी का नाही बोललात?"

"बोललो होतो. तू सनसेट बघत होतास."

त्याच संध्याकाळी जयदीप आणि संपदा मेट्रोने करोल बागला गेले आणि जाड, खाचांचं रबर घेऊन आले. लाँचची वेळ मालकांनी ठरवली. सकाळी नऊला जायचं, भरती उतरायच्या आत, एकला परत. सूर्यास्त मग चौपाटीच्या कठड्यावर बसून बघायचा. कादंबरींनी यादीत पहिल्या ओळीवर लिहिलं, 'पाण्याची वेळ बाबांना विचारणे.'

उद्या निघायचं. मी बॅगेशेजारी उभा आहे. नवं रबर पायाला चावतं. भीती गेलेली नाही. ती बोटं अजून माझ्या अंगावर आहेत. पण आता ती भीती मी एकटा वाहत नाही.

तुमच्या घरात दाराआड माझा एखादा भाऊबंद उभा असेल. त्याचा मालक सांगणार नाही. तोही सांगणार नाही. आज त्याला उचला, उलटा करा, आणि खालून बघा.