मनोजभाऊंचा डबा

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. तेवढे दिवस त्यांची जुनी पिकअप गोठ्याशेजारी उभीच होती. इंजिन पार गेलेलं, केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालायच्या. मागचा हौदा मात्र अजून धड होता. त्याची ट्रॅक्टरमागे जोडायची लहान ट्रॉली करून घ्यावी, असं मी ठरवलं. आमच्याकडचं विहिरीचं पाणी खारं. पिण्याच्या पाण्याचे ड्रम वाहायला तरी झाली असती.

ट्रॅक्टर माझ्या दिरांचा, उत्तमरावांचा. ते हसले. "वहिनी, मेल्या बैलाले झूल कावून शिवून राहिल्या? भंगारवाल्याले देऊन टाका."

"ओढाल ना पण?"

"ओढीन. तुमी म्हनसान तं झूल बी ओढीन."

तेल्हाऱ्याहून मनोजभाऊ फिटर आले. चाळिशीचे, कमी बोलणारे. गाडीभोवती फिरून म्हणाले, "काकू, हे दुकानात नेतो. आठ दिवसांत करून देतो."

मी म्हटलं, "नको. इथंच करा, अंगणात."

त्याला कारण होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी मला एक नेम दिला. दुपारी एका तरी पाहुण्याला जेवू घालायचं, मग आपण अन्न घ्यायचं. पाहुणा नसेल त्या दिवशी दूध आणि केळं. हे होते तोवर मला नेम कधी जड गेला नाही. रोज याच गाडीत घालून ते कोणाला तरी आणायचे. कधी अडत्याचा हमाल, कधी एसटी चुकलेला मास्तर. ते गेले आणि दुपारी दारात कोणी येईना. गावातली माणसं म्हणतात, आत्ताच जेवलो. कासारीण येते पंधरा दिवसांनी. बाकी दिवस दूध आणि केळं. भुकेचं एवढं काही नाही, पण दुसरं ताट पुसून पुन्हा फळीवर ठेवताना हात जड होतात.

सासूबाईंनी एक बजावलं होतं. पाहुण्याला नेम सांगायचा नाही. "त्याले कळलं का तो पाहुना नाई राहत, पूजेचं सामान होते."

मनोजभाऊंनी केबिन गॅसकटरनं कापून वेगळी काढली. मागची चाकं आणि त्यांवरचे स्प्रिंगचे पाटे तसेच ठेवले. गंजलेला तळ उचकटून त्या जागी बाभळीच्या फळ्या बसवल्या. पुढे ट्रॅक्टरला जोडायचा दांडा. रोज साडेबाराला मी हाक मारायची, आणि ते हात धुऊन पाटावर बसायचे. भाकर, तुरीचे ओले सोले घातलेली वांगी, ठेचा. जेवताना ते दोनच शब्द बोलायचे: "पुरे" आणि "बरं". मला तेवढे पुष्कळ होते. ते उठले की मी माझं ताट वाढून घ्यायची. पाच दिवस मी रोज अन्न घेतलं.

सहाव्या दिवशी त्यांच्या मोटरसायकलला डबा लटकत होता.

"हे काय, मनोजभाऊ?"

"रोज रोज बरं नाई दिसत, काकू. बायको बी बोलली, एकट्या बाईच्या घरी किती जेवसान? लोक म्हनतीन, फिटर वेल्डिंग कमी करते अन् भाकरी जास्त खाते."

"लोकांचं काय. माझं केलेलं आहे सगळं."

"नाई, काकू."

दुसऱ्या दिवशीही डबा. तिसऱ्या दिवशी फळी धरून उभी असताना मला घेरी आली. त्यांनी धरून ओट्यावर बसवलं, पाणी दिलं.

"उपास हाये काय?"

मी "हो" म्हटलं. खोटंही नव्हतं ते.

ते कानकोंडे झाले. "मंग आधी सांगा लागत होतं! तुमच्यासमोर बसून मी कांद्यासंग भाकर खाऊन राहिलो." डबा उचलला आणि फाटकाबाहेर निंबाखाली जाऊन, माझ्याकडे पाठ करून जेवायला बसले.

मी ओट्यावरून ती पाठ पाहत राहिले. उद्या रंग लागणार, परवा उत्तमराव ट्रॉली जोडून नेणार, काम संपणार. मग ती पाठही नाही.

मी देवघराकडे पाहिलं नाही. सरळ फाटकापाशी गेले.

"मनोजभाऊ, तुमी माह्या घरी जेवल्याबिगर मले जेवता येत नाई."

त्यांचा घास हातातच राहिला. मी सगळं सांगितलं. सासूबाई, नेम, गाडीतून येणारी माणसं. माझा आवाज तसाही लहान, मध्ये एक ट्रक गेला, तर त्यांना "काय?" विचारावं लागलं आणि मला ते पुन्हा सांगावं लागलं.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, आत येऊन पाटावर बसले. अर्धं पोट भरलेलं असताना दोन भाकरी खाल्ल्या. एकदाही "पुरे" म्हणाले नाहीत. मी वाढत होते, आणि मला कळत होतं की आज पाहुणा मी आहे. तरी जेवले. भूक होती.

दुसऱ्या दिवशी रंग लागला. लाल ऑक्साइडवर निळा. त्याच्या दुसऱ्या दिवशी उत्तमराव ट्रॅक्टर घेऊन आले. मनोजभाऊ ट्रॉलीच्या मागच्या, खाली पाडायच्या फाळक्याजवळ उभे होते.

"आज नाई जमत, भाऊ. या फाळक्याच्या बिजागऱ्या अडकून राहिल्या. खोलून पुन्हा बसवा लागते."

"किती दिवस?"

"चार. पाच बी लागतीन."

उत्तमरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन खटका काढला. फाळका माझ्या हातात लोण्यासारखा खाली आला. वर केला, बसला. आवाजसुद्धा झाला नाही.

"हो," मी म्हटलं. "जरा अडकतेच."