घंटी वाजायच्या आधी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. देवाच्या दारात टांगतात ती नव्हे. मेजावर ठेवतात आणि डोक्यावर बोट दाबले की ‘टिंग’ म्हणते ती. एकाच भट्टीतल्या रसातून आम्ही दोघी निघालो. थोरली देवाच्या दारी गेली आणि मी समुद्रकाठच्या एका अतिथिगृहात आले. आता माझा आवाज बसला आहे, पण ऐका.

ते अतिथिगृह एक मावशी चालवायच्या. पायरीवर पाऊल वाजले, की त्या हात पुसत बाहेर यायच्याच. दमलेल्याला खुर्ची, भिजलेल्याला पंचा, रडक्या पोराला खिडकीजवळची खोली. पाहुण्याचे बोट माझ्यापर्यंत पोचायच्या आत मावशींचे “या, दमला असाल,” बोलून झालेले असे. देव म्हणे हाक मारायच्या आधीच जागा असतो. मावशी त्याच्याच घरच्या असाव्यात. मी मात्र मनातून रुसायचे. रोज लख्ख पुसायच्या मला, पण वाजायचे भाग्य कुठे?

एका सुट्टीत तिथे चष्म्यांचे दुकान चालवणारे नवरा-बायको उतरले. त्यांच्या दुकानासमोर नवे झगझगीत दुकान निघाले होते. गिऱ्हाईक तिकडे वळले आणि दुकानदाराची झोप उडाली. बायकोने त्याला ओढूनच आणले होते.

“अहो, समुद्राकडे तरी बघा!”

“बघतोय गं. त्याच्याकडे काय गर्दी! आणि आपल्याकडे माश्या.”

पण मावशींच्या घरात तो हळूहळू खुलला. “शिकण्यासारखं आहे हं इथे,” तो बायकोला म्हणाला. “आलो तेव्हापासून एकदा तरी हाक मारावी लागली का आपल्याला?”

अगदी नेमके बोट ठेवले होते हो त्याने! आणि निघायच्या दिवशी तेच बोट माझ्यावर आले. “हेच! हेच नाही आपल्याकडे. मावशी, ही घंटी द्याल?”

मावशी हसल्या. “न्या की खुशाल. तिला इथे कामच नसतं.”

ते वाक्य मी ऐकले, त्याच्या बायकोने ऐकले. तो मला रुमालात गुंडाळण्यात गुंग होता.

दुकानात काउंटरवर मला मानाची जागा मिळाली. मीही हरखले. आजवर बायको आत काचा पुसताना नुसत्या पावलांवरून गिऱ्हाईक ओळखायची आणि बाहेर यायची. दुकानदाराने आता तिला शिस्त लावली.

“घंटी वाजली की उठायचं.”

“आणि पाऊल वाजलं तर?”

“मग घंटी काय शोभेला आणली?”

मी वाजायचे. तो आतून “आलो, आलो!” ओरडायचा आणि हातातली काच घासतच राहायचा. मी पुन्हा वाजायचे. गिऱ्हाईक तोवर रस्त्यापलीकडे बघू लागे.

एका दुपारी काठी टेकत शाळेतल्या निवृत्त बाई आल्या. दुकानदाराच्या वडिलांच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक. चष्मा फुटला होता, तुकडे रुमालात होते. चष्म्याविना त्यांना स्वतःचा हात दिसेना, तिथे मी कुठली दिसायला?

“बाईंची काठी वाजली,” आत बायको उठली.

“बस गं. वाजू दे की घंटी.”

“अहो, पण त्यांना...”

“एकदा नियम केला की केला!”

बाईंनी काउंटर चाचपले. रुमाल सुटून एक तुकडा काउंटरवर पडला. बोटे माझ्याजवळ आली आणि थांबली. “कुणी आहे का रे बाळा?” तो क्षीण आवाज आतल्या काच घासायच्या यंत्राच्या घरघरीत बुडाला. मित्रांनो, देवाने मला कंठ दिला, बोट नाही दिले. मी कशी वाजू?

बाई वळल्या आणि पायरीवर ठेचकाळल्या. समोरच्या दुकानातली मुलगी धावत आली. “आजी, हात द्या,” म्हणाली आणि त्यांना घेऊन गेली.

बायको बाहेर आली तेव्हा काउंटरवर काचेचा एक तुकडा तेवढा उरला होता. दुकानदाराने तो उजेडाला धरला. कड पाहताच त्याने ओळखले, काच वडिलांनी घासलेली होती.

“मावशी काय म्हणाल्या होत्या, आठवतंय?” बायकोने विचारले. “तिला इथे कामच नसतं.”

तो खाली बसला.

पुढे दुकान मिटले. तो आता दुसऱ्याच्या कारखान्यात काचा घासतो. मी घरच्या खणात, मोडक्या चष्म्यांखाली, काळी पडून असते. परवा जिन्यात पाऊल वाजले. तो ताडकन उठला आणि दार उघडून म्हणाला, “या, दमला असाल.” पाऊल शेजाऱ्याचे होते. ते वरच्या मजल्यावर निघून गेले. तो मात्र बराच वेळ दार धरून उभा होता.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या दारी आलेल्याला मला शोधायला लावू नका.