फळ्यावर राहिलेलं नाव

मी उमापुरातल्या एका पत्र्याच्या खोलीतला फळा. जन्मानं मात्र मी दार. म्हाळू मेंढपाळाच्या गोठ्याला पुष्कळ वर्षं होतो. मेंढरं येता-जाता अंग घासायची, माझ्या फटींत लोकर अडकायची. म्हाळूनं मेंढरं विकली, तेव्हा उज्ज्वलाताईंनी मला मागून आणलं. जुन्या सेलमधली काळी भुकटी पाल्याच्या रसात कालवून मुलांनी मला रंगवलं, आणि मी एका दिवसात शिकलेल्यांत जमा झालो!

उज्ज्वलाताई याच गावच्या. शिकायला दिल्लीला गेल्या नि परत येऊन या खोलीत इंग्रजीचा वर्ग घेऊ लागल्या. "इंग्रजी आलं की आपल्या पोरांना कुणी दबवणार नाही," असं त्या इतक्या जोरानं म्हणायच्या की हातातला खडू मोडायचा.

पहिल्या ओळीत दिपाली बसायची. तिला आई नव्हती. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. तिचा बाप उत्तरेश्वर असा अर्धा झाला, म्हणून गेल्या साली दिपालीनं त्याच्याबरोबर मोळ्या वाहिल्या. यंदा तिच्या आजीनं, दगडाबाईनं, तिला गावात ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. उत्तरेश्वर उंबऱ्यातूनच ताईंना म्हणाला, "पोरीचं मन हितं रमलं तर ऱ्हाऊ द्या. मी जाईन अर्धाच. पर तिचं तिनं ठरवावं."

दिवाळी सरली. ऊसतोडीच्या टोळीची गाडी दुसऱ्या दिवशी निघणार होती. त्या दिवशी ताईंनी नवे शब्द घेतले, दुसऱ्याच्या मनाला लागेल असं वागण्याचे. अनॉय म्हणजे वैताग आणणं. ऑफेंड म्हणजे मन दुखावणं. एम्बॅरस म्हणजे ओशाळायला लावणं. दुखवण्याच्या इतक्या तऱ्हा असतात, हे मला तेव्हा कळलं. मेंढरं फार तर शिंग मारायची. शेवटी ताईंनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ह्युमिलिएट.

"चारचौघांत एखाद्याला मान खाली घालायला लावणं. आता आपल्यातलंच उदाहरण सांगा. खरं असलं की विसरत नाही."

सिदू ओरडला, "ताई, दिपालीचं घ्या ना! शाळंत समदे तिला अर्धा कोयता म्हणत्यात."

"पयल्यांदा तूच म्हनला की बे!" भागवतनं त्याला कोपरानं ढोसलं.

वर्ग हसला. दिपालीही हसली. "म्हनू द्या ताई. ह्याला तर एक मोळी उचलत न्हाई. ह्यो पाव कोयता!"

एकट्या ताई हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते. गर्रकन वळून त्यांनी लिहिलं, इतकं दाबून की माझा रंग खरवडून आतलं लाकूड दिसलं: दे ह्युमिलिएट दिपाली.

"अन्यायाला नाव दिलं की तो पळतो. दिपाली, उभी राहा. मोठ्यानं वाच."

तिनं वाचलं. उच्चार अगदी स्वच्छ होता.

"आता अर्थ सांग."

ती फळ्याकडे बघत राहिली. "हे... मला मान खाली घालाय लावत्यात," ती म्हणाली, आणि तिची मान खरंच खाली गेली. वाचलं छान म्हणून मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या ओळीतली जागा रिकामी होती. वर्ग सुरू असतानाच दगडाबाई आली.

"लई आडवलं बाई मी पोरीला. म्हनली, 'आजे, तिथं समदेच कोयते हायती. तिथं मला कुनी उभं करून वाचाय लावत न्हाई.' बसली बापाशेजारी गाडीत."

ताईंनी खडू खाली ठेवला. "मी तर तिच्याच बाजूनं लिहिलं होतं, मावशी."

"ठावं हाय मला." म्हातारीनं माझ्याकडे बोट केलं. "पर आता तेवढं पुसा."

ताईंनी ओलं फडकं फिरवलं. बाकीची अक्षरं निघाली. नाव मात्र सगळ्यांत खोल, लाकडातच रुतलं होतं. ते आजही आहे. ताई रोज त्याला वळसा घालून लिहितात. आवाज त्यांचा आता हळू झाला आहे. दुसरा रंग द्यावा असं भागवत म्हणाला होता, त्या नको म्हणाल्या.

तुम्ही फळ्यावर कुणाचं नाव लिहाल, तर आधी त्या माणसाच्या डोळ्यांत बघा. एवढंच माझं मागणं.

संध्याकाळी खोलीला कुलूप लागतं. मला म्हाळू आठवतो. एखादं कोकरू मागं राहिलं, तर ते येईपर्यंत तो मला उघडं ठेवायचा. आता मी भिंतीला खिळलेला आहे. मला उघडता येत नाही.